ल्युडोची वकिली

नव्या माणसानं आपला सगळ्यात आवडता व्हिडिओ गेम निवडायचा आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याची बाजू मांडायची, अशी आमच्या ऑफिसात पद्धत आहे. तिला ‘वकिली’ म्हणतात. बाजू मांडून झाली की बाकीचे उलटतपासणी घेतात आणि ज्यांना पटलं ते हात वर करतात. हरलं तरी काही बिघडत नाही, समोसे सगळ्यांनाच मिळतात. तरीही हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा शुक्रवार किती दिवसांवर आहे, ते मी मोजलं.

मुलगी लहान असताना मी नोकरी सोडली होती. त्याआधी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायचे. आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर हिंजवडीतल्या एका छोट्या गेम कंपनीनं मला घेतलं, ते गेममधल्या सूचना आणि संवाद धड मराठीत लिहिण्यासाठी. मुलाखतीत त्यांनी मला ऱ्हस्व-दीर्घ विचारलं, अनुस्वार विचारले. मी गेम खेळते का, हे कुणी विचारलं नाही. भोवती सगळी पंचविशीतली मुलं. मला ती ‘मॅम’ म्हणत, अगदी आदरानं, आणि त्या आदरानंच मला अवघडल्यासारखं व्हायचं.

खरं तर मी रोज एक गेम खेळत होते. ल्युडो. फोनवर, आणि तोही फक्त माझ्या वडिलांबरोबर.

अण्णा खडकीला राहतात. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत जन्मभर काम केलं, निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि स्टेशनच्या जवळच दोन खोल्या घेतल्या. आई गेल्यावर ते बोलेनासे झाले. म्हणजे भांडले वगैरे नाहीत, शब्दच संपल्यासारखे झाले. फोन केला की “हं”, “बरं”, “जेवलो” आणि “ठेवतो”. एकदा माझ्या मुलीनं त्यांच्या फोनवर ल्युडो घालून दिला आणि तेव्हापासून रोज दुपारी चहा झाला की ते मला खेळायला बोलावू लागले. बिबवेवाडीच्या घरी मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून खेळायची, नोकरी लागल्यावर ऑफिसच्या जिन्यात, तिकडे ते खिडकीपाशी.

त्या खेळात समोरच्याला पाठवायला तयार वाक्यं असतात. ‘वाचलो!’, ‘आता बघच!’, ‘लवकर टाक ना!’ अण्णा ती सढळ हातानं वापरत. मी भाजी परतायला वळले की लगेच ‘लवकर टाक ना!’ यायचं. जो माणूस फोनवर चार शब्द बोलत नव्हता, तो तिथे दुपारभर माझी टर उडवत होता. त्यांच्या मनाचा अंदाज मला त्या वाक्यांवरून यायचा. ज्या दिवशी वाक्य येत नसे, त्या दिवशी मी संध्याकाळी डबा घेऊन खडकी गाठायची.

पण वकिलीसाठी ल्युडो सांगावा, असं मला स्वप्नातही वाटलं नाही. ऑफिसातली मुलं ज्या खेळांबद्दल बोलत त्यांत अख्ख्या नगऱ्या असत, युद्धं असत, शेवट बघून माणसं रडत. मी मुलीला गाठलं. ती दहावीत. तिनं आपला लाडका गेम मला दिला, परीक्षेआधी मैत्रिणीला नोट्स द्याव्यात तसा. एक मुलगी ओसाड डोंगराळ मुलखात एकटीच आपल्या हरवलेल्या भावाला शोधत फिरते, असा तो गेम.

“ग्राफिक्स छान आहेत असं म्हणू नकोस,” ती म्हणाली. “सगळे तेच म्हणतात. तू म्हण, या गेममध्ये शांतता छान वापरलीय.”

“शांतता?”

“हो. आणि म्हणून झालं की जरा थांब.”

मी पाठ केलं. शुक्रवारी फोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडून चित्रं दाखवत मी बोलत गेले. शांततेवर आले, थांबले. दोघा-तिघांनी मान डोलावली. आमचा टीम लीड, वयानं माझ्याहून बराच लहान आणि स्वभावानं फार समजूतदार मुलगा, कौतुकानं बघत होता. तेवढ्यात पडद्यावर, त्या ओसाड डोंगरावर, लालभडक पट्टी उघडली. तिच्यावर अण्णांचा पासपोर्टचा फोटो, आणि खाली त्या खेळातलं भयंकर मराठी: ‘अण्णा तुम्हाला आव्हान करत आहे!’

सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या, केसांचा बुचडा बांधणाऱ्या प्रोग्रॅमर मुलानं विचारलं, “मॅम, ल्युडो? तुम्ही ल्युडो खेळता?”

“छे हो,” मी म्हणाले. “हे आपलं घरातलं कुणीतरी. म्हातारी माणसं, वेळ जात नाही त्यांचा. उगाच पाठवत बसतात.”

आणि मी ‘नकार द्या’ वर बोट ठेवलं. एरवी कामात असले तर मी ते आमंत्रण तसंच राहू द्यायचे, ते आपोआप विरून जायचं. नकार कधी दिला नव्हता. नकार दिला की समोर काय दिसतं, तेही मला माहीत नव्हतं.

पुढे तर फजितीच झाली. बुचडेवाला मुलगा म्हणाला, “मॅम, तो कड्यावरचा भाग खेळून दाखवा ना,” आणि त्यानं ऑफिसातल्या मशीनवर तो गेम लावून कंट्रोलर माझ्या हातात दिला. मी आयुष्यात पहिल्यांदा ती वस्तू हातात धरत होते. ती बिचारी मुलगी आधी आकाशाकडे बघत गोल फिरली, मग एका खडकाला नाक लावून चालत राहिली आणि शेवटी कड्यावरून खाली गेली. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या फोनमध्ये बघू लागले. लीड म्हणाला, “होतं मॅम, स्टेजवर सुचत नाही कधीकधी,” आणि त्यानं समोसे मागवले. माझ्या वाटणीचा समोसा मी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. कुणाच्या नजरेसमोर तो हातात धरून खात बसणंही मला नको वाटत होतं.

घरी मुलीला खरं सांगितलं. कड्यावरून पडल्याचं ऐकून ती पोट धरून हसली. मग तिनं विचारलं, “पण तू ल्युडोच का नाही सांगितलास?”

“ल्युडो सांगतात का कुठे?”

“का? रोज तोच तर खेळतेस.”

मी डबे विसळायला घेतले.

दुसऱ्या दिवशी अण्णांचं आमंत्रण आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी मी रविवार गाठून खडकीला गेले. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

“या,” ते म्हणाले. “वेळ मिळाला का?”

“अण्णा, खेळायला नाही बोलावलंत?”

“‘तुमची विनंती नाकारण्यात आली आहे’ असं लिहून आलं. म्हटलं, आता नोकरीवाल्या बाईंची रीतसर अपॉइंटमेंट घ्यावी लागेल.”

“चुकून बोट लागलं हो.”

“लागतं,” ते म्हणाले, आणि पेपरची घडी घालून त्यांनी फोन काढला.

आम्ही समोरासमोर बसून खेळलो. एवढ्या जवळून त्यांना खेळताना मी क्वचितच बघत असे. गेलं वर्षभर त्यांचा उजवा हात कापत होता. एक सोंगटी पुढे न्यायची असली तरी अंगठा हलून शेजारच्या सोंगटीवर पडायचा, आणि त्या खेळात एकदा स्पर्श झाला की झाला, परत घेता येत नाही. त्या दिवशीही घरात जाणारी सोंगटी जागेवर राहिली आणि मागची, नको ती, माझ्या तोंडाशी येऊन बसली.

“मुद्दामच,” अण्णा म्हणाले.

“कळलं मला,” मी म्हणाले. “काहीतरी डाव आहे तुमचा.”

हे आमचं नेहमीचं होतं. ते ‘मुद्दामच’ म्हणत आणि मी त्यांच्या धूर्तपणाची धास्ती घेतल्यासारखं करायची. कधी त्यांची सोंगटी मारायची सोडून द्यायची, कधी मारायची, म्हणजे संशय येऊ नये.

परतताना बसमध्ये मला राहून राहून ते ‘घरातलं कुणीतरी’ आठवत होतं. ज्या माणसानं मला सायकल शिकवली, ज्यानं माझी पहिली नोकरी लागल्यावर फॅक्टरीत पेढे वाटले, त्याला मी वीस-पंचवीस अनोळखी पोरांसमोर ‘म्हातारी माणसं’ म्हणून बाजूला सारलं होतं, आणि तेही कधीही न खेळलेल्या एका गेमची शान राखायला. सोमवारी मी लीडकडे गेले आणि म्हणाले, मला पुन्हा वकिली करायची आहे. ल्युडोची.

तो खूश झाला. “असं कुणी आजवर मागितलं नाही मॅम.”

या वेळी पाठ काही केलं नाही. उभी राहिले आणि आधी सांगून टाकलं की मागच्या वेळचा गेम माझा नव्हता, मी तो खेळलेच नव्हते, आणि ती लाल पट्टी माझ्या वडिलांची होती. मग उलटतपासणी सुरू झाली.

“पण यात स्किल काय आहे?” एकीनं विचारलं. “फासा पडेल तसं जायचं.”

“म्हणूनच,” मी म्हणाले. “तुमच्या गेममध्ये मी आणि माझी मुलगी एकत्र खेळूच शकत नाही, मी कड्यावरून पडते. फासा सगळ्यांना सारखा. सातवी शिकलेला आणि इंजिनिअर एकाच पाटावर बसतात.”

“हा व्हिडिओ गेम तरी आहे का?” दुसरा म्हणाला. “पुठ्ठ्यावरचाच खेळ आहे, फोनवर आणलेला.”

“पुठ्ठ्यावर खेळायला माणूस समोर लागतो. माझा माणूस खडकीला आहे.”

“पण मॅम, गोष्ट कुठाय यात? शेवट कुठाय?”

“शेवट नाही हेच बरं. डाव संपला की लगेच दुसरा मांडता येतो. निमित्त शोधावं लागत नाही.”

इथवर ठीक होतं. मी चांगलं बोलत होते, आणि जे बोलत होते ते माझं होतं. पण खोली अजून माझ्या बाजूला आलेली नव्हती. मुलं हसतमुखानं ऐकत होती, घरातल्या मोठ्या माणसाचं ऐकतात तशी. मागच्या शुक्रवारची ती शांतता माझ्या मानगुटीवर बसलेली होती आणि मला जिंकायचं होतं. मग मी हात घातला तो थेट अण्णांच्या घरात. आई गेल्यावर ते कसे मुके झाले ते सांगितलं. तयार वाक्यांचं सांगितलं. त्यांच्या कापणाऱ्या हाताचं सांगितलं, अंगठा कसा घसरतो ते माझ्या हातानं करून दाखवलं, आणि शेवटी त्यांच्याच आवाजात म्हणाले, “मुद्दामच.”

मी थांबले. मुलीनं शिकवल्यासारखं.

कुणीतरी नाक ओढलं. मग एकेक करत सगळे हात वर गेले. बुचडेवाला मुलगा उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मला फार बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. समोसा मी या वेळी सगळ्यांच्या घोळक्यात उभं राहून, चटणीसकट खाल्ला. तो संपता संपता बोटं पुसताना माझी नजर माझ्याच हातावर गेली. ह्याच हातानं मी क्षणभरापूर्वी अण्णांची नक्कल केली होती. त्या खोलीत बसलेल्या एकाही माणसाला अण्णा ओळखत नव्हते, आणि त्या प्रत्येकाला आता त्यांचा हात ठाऊक होता.

कंपनीचा स्वतःचा एक ल्युडोसारखाच खेळ तयार होत होता. त्यात ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी चाल मागे घेण्याची सोय करायची, असं त्या शुक्रवारनंतर ठरलं. मुलं झपाटल्यासारखी कामाला लागली. बटणावर काय शब्द लिहायचा, ते काम माझ्याकडेच आलं. मी ‘मागे घ्या’ असं लिहिलं. खेळ तयार होत आला तेव्हा लीड म्हणाला, “मॅम, काकांना बोलवा ना एकदा. खरे युझर तेच.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण सगळे एवढ्या उत्साहानं मागे लागले, आणि अण्णांनाही कुठे बाहेर पडून वर्ष झालं असेल. “आमच्या खेळातलं मराठी तपासायला येता का?” असं मी त्यांना विचारलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार राहिले.

ऑफिसात त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. “अशुद्ध मराठी कुठाय ते दाखवा,” ते म्हणाले. मुलं हसली. त्यांच्या हातात मोठ्या पडद्याचा टॅब दिला आणि आठ-दहा जण भोवती जमले. बुचडेवाला मुलगा त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. किती प्रेमानं तो बोलत होता, ते मला आजही दिसतं.

“काका, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. हे बघा, हे आम्ही खास तुमच्यासाठी केलंय. हात हलला आणि चुकीची सोंगटी गेली, तर इथे दाबायचं, परत येते. आता ‘मुद्दामच’ म्हणायची गरजच नाही.”

अण्णांनी मान वर करून मला शोधलं. मी त्या घोळक्याच्या मागे उभी होते. फक्त एकदा बघितलं, आणि मग टॅबकडे वळून म्हणाले, “वा. छान सोय केलीत.”

ते खेळले. अंगठा घसरला, चुकीची सोंगटी गेली. बटण त्यांच्या नखाएवढ्या अंतरावर होतं. त्यांनी ते दाबलं नाही. फासा टाकून पुढे गेले. पुन्हा घसरला, पुन्हा तसंच. मुलांना वाटलं बटण दिसत नसेल, एकजण म्हणाला, “काका, इथे खाली.” अण्णा म्हणाले, “दिसतंय.” सगळ्या सोंगट्या मार खाऊन परत येईपर्यंत ते तसेच खेळले, मग टॅब खाली ठेवून सगळ्यांचे आभार मानले. अगदी नीट, प्रत्येकाला ‘आपण’ म्हणत.

मी त्यांना टॅक्सीनं खडकीला सोडायला निघाले. हिंजवडीच्या चौकात गाड्या जागच्या हलत नव्हत्या.

“कुणाकुणाला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“ऑफिसात. सगळ्यांना.”

“कशासाठी?”

मी वकिलीची पद्धत सांगितली. ल्युडो निवडला होता, हे सांगितलं. पहिल्या वेळचंही सांगितलं, नकार चुकून दिला नव्हता तेही.

“मग? पटलं का लोकांना?”

“सगळ्यांनी हात वर केले.”

“जिंकलीस म्हणजे. बरं झालं.”

पुढची गाडी थोडी सरकली, आमचीही सरकली. अण्णांनी आपला उजवा हात डाव्या हाताखाली मांडीवर दाबून धरला होता.

“नकार दिलास त्याचं काही नाही,” ते म्हणाले. “नोकरी नवी, पोरं तरुण. मीपण फॅक्टरीतल्या साहेबापुढे माझ्या बापाला ‘गाववाले’ म्हटलंय. ते होतं.” मग म्हणाले, “माझ्या हाताचं मला माहीतच होतं गं. पण तुला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.”

इतके दिवस मी समजत होते की नाटक मी एकटी करते आहे, त्यांच्या समाधानासाठी. माझं नाटक त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की निदान मुलीच्या डोळ्यांत आपण अजून डाव टाकणारे, पोरीला चकवणारे आहोत. तेवढी एकच जागा त्यांनी सांभाळून ठेवली होती, आणि मी ती एका खोलीभर टाळ्यांसाठी उघडी करून आले होते. “अण्णा, माफ करा,” मी म्हणाले. ते म्हणाले, “सिग्नल सुटला बघ.”

ऑफिसात मी लीडला सांगितलं की खेळाच्या जाहिरातीत माझ्या वडिलांची गोष्ट कुठेही यायची नाही. त्यांनी मजकूर तयारही केला होता. तो समजूतदार आहे, त्यानं तो काढून टाकला. बुचडेवाल्या मुलाला कुणीतरी काहीतरी बोललं असावं. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “सॉरी मॅम, मला वाटलं, तुम्ही आम्हाला सांगितल्याचं काकांना माहीतये.” त्याची काहीच चूक नव्हती. मी तसं सांगितलं, पण तो दुपारभर पडेल चेहऱ्यानं फिरत होता आणि त्याचीही मला लाज वाटत राहिली.

नंतर बरेच दिवस खडकीहून आमंत्रण आलं नाही. मीही पाठवलं नाही. धीर होत नव्हता. मी रोज फोन करायची, ते “हं”, “बरं”, “जेवलो” म्हणायचे. एका सकाळी त्यांचाच फोन आला.

“तुझ्या ओळखीचा कुणी डॉक्टर आहे का? हाताचा?”

हा विषय आधी त्यांनी कधी निघूच दिला नव्हता. मी रजा टाकली आणि त्यांना घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी अण्णांना हात पुढे धरायला लावला, कागदावर गोल काढायला लावला. गोल वाकडातिकडा, दातेरी आला. अण्णांनी तो कागद स्वतःच डॉक्टरांपुढे सरकवला.

“आजोबा, कधीपासून होतंय हे?” डॉक्टरांनी विचारलं.

“हिला विचारा,” अण्णा म्हणाले. “हिला सगळं माहीत असतं.”

आवाजात राग नव्हता. टोमणा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सांगितलं: मागच्या उन्हाळ्यापासून, आधी चहाचा कप धरताना, मग सही करताना. अण्णा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत ऐकत होते, दुसऱ्या कुणाची तरी हकिकत ऐकावी तसे. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पुन्हा बोलावलं.

गोळ्यांनी थोडा फरक पडला आहे. आता आम्ही पुन्हा खेळतो, रोज नाही, त्यांना वाटेल तेव्हा. चाल चुकली तर ते काही म्हणत नाहीत आणि मीही काही म्हणत नाही, पुढची चाल येईपर्यंत वाट बघते. तयार वाक्यं ते पूर्वीपेक्षा कमी पाठवतात. परवा मी ऑफिसात चहाच्या वेळी खेळत होते तेव्हा एक नवी मुलगी शेजारी येऊन बसली. पुढच्या शुक्रवारी तिची वकिली होती. “मॅम, तुमची वकिली फार भारी झाली होती म्हणे,” ती म्हणाली. “काय सांगितलं होतंत तुम्ही?”

“ल्युडो,” मी म्हणाले.

“आणि कारण?”

“मला आवडतो,” मी म्हणाले, आणि फासा टाकला.